बारीक की जाडसर

जेलरोडला पाण्याच्या टाकीमागे माझी गिरणी.
साडेसात हॉर्सपॉवरची मोटर, दगडांची एक जोडी
आणि एकवीस वर्षांचा एकच आवाज.
या आवाजात मी माणसं ऐकत नाही, वाचते.
ओठ पुढे आले की 'बारीक',
जबडा पडला की 'जाडसर',
बोट हललं तर 'बाजरीवर गहू टाकू नका हो.'
डावा कान केव्हाच दगडाला वाहिला.

पगारेंच्या ऋतुजानं दिवाळीत, भाजणी दळून होईपर्यंत
माझ्या मोबाइलात काहीतरी उघडून दिलं,
उजव्या कानात बोंड खुपसलं.
गाणी का गं?
गाणी नाहीत मावशी. गप्पा.

गप्पा!
एक बाई, एक बुवा.
बुवा विनोद सांगायच्या आधीच हसतो.
बाई पाणी पिते, पेला टेकवल्याचं ऐकू येतं,
मग म्हणते, 'नाही, मला पटलं नाही.'
आणि तो ओरडत नाही!
म्हणतो, 'बरं, सांग.'
(बरं, सांग. हे दोन शब्द मी त्या दिवशी
पिठासारखे चिमटीत धरून पाहिले.)

त्यांचं काय काय चालतं.
महापालिकेच्या निवडणुका, कांद्याची निर्यात,
लग्नात आहेर घ्यावा की नाही,
बाप मेल्यावर त्याच्या मोबाइल नंबरचं काय करावं.
पहिले दोन दिवस मी त्यांचे ओठ शोधत होते
चाळणीत, पट्ट्यावर, समोरच्या रसवंतीच्या पाटीवर.
ओठांशिवाय बोलणं म्हणजे
डब्याशिवाय दळण. ठेवायचं कशात?

आता सवय झाली.
तिखटाच्या दिवशी अर्थव्यवस्था लावते, नाहीतरी डोळ्यांत पाणी असतंच.
ज्वारीला राजकारण.
कुणी म्हणतं, पूर्वी बाया जात्यावर ओव्या म्हणायच्या.
म्हणत असतील. जातं हातानं थांबतं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी बुवा म्हणाला,
'पण सामान्य माणसाला नेमकं काय वाटतं?'
आणि गप्प बसला.
चांगला तीन-चार सेकंद.
मला वाटलं, मलाच विचारलं.
मी बटण पाडलं. पट्टा फडफडत थांबला.
मोठ्यानं म्हणाले, 'अहो, विचारा ना मग!'

समोर धात्रक काका उभे, पांढरा डबा घेऊन.
नोटप्रेसमधून रिटायर, दर गुरुवारी पाच किलो,
ओठ पुढे. बारीक.
इतकी वर्षं मी त्यांचा आवाज ऐकलाच नव्हता.
चांगला जाडा होता, तळाशी खर असलेला.
'मला म्हणालात?'
मी बोंड काढलं.
'हो. बरं, सांगा.'

काय सांगू, म्हणाले. मग डबा खाली ठेवला.
प्रेसच्या फाटकावर रोज झडती व्हायची,
तेहतीस वर्षं हात वर.
घरी बायकोनं दार उघडलं तरी हात वर जायचे.
ती हसायची. नंतर हसेनाशी झाली.
नंतर दार मीच उघडायला लागलो.
निवडणुकीचं म्हणाल तर… आणि ते कांद्यावर गेले,
तिथून नातवाच्या फीवर, परत फाटकावर,
तेच वाक्य तीनदा.

ऋतुजा दीडपट वेगानं ऐकते. वेळ वाचतो, म्हणते.
काकांना असं बटण कुठे लावणार?
मागे रांगेत दोघी. एकीनं घड्याळ पाहिलं,
दुसरी म्हणाली, 'थांब गं, बोलू दे की त्यांना.'
आणि तीही बोलायला लागली, आहेराबद्दल,
हिला काय माहीत मी कालच ते ऐकलं!
पण हिचं वेगळं होतं. हिला नणंद होती.

कानातलं बोंड गळ्याशी लोंबत होतं,
त्यातून दोघांचं बारीक, मुंगीएवढं,
अजून चाललेलं.

पीठ गार झालं तेव्हा काकांनी झाकण लावलं.
पुढच्या गुरुवारी ज्वारी आणतो, म्हणाले,
मोटर बंद असतानाच.