पडदा दोन वाजता निघतो

माझ्या गाडीचं उजवं अंग पांढऱ्या पत्र्याचं,
आत थर्माकोल, त्याच्या आत बर्फ, बर्फात सुरमई.
शनिवारी रात्री दहाला मी ती इनास आल्मेडाच्या
गॅरेजसमोर आडवी लावतो,
आणि वेंगुर्ल्यातला सगळ्यात मोठा पडदा तयार होतो.
रिबिटांसकट.
नायिका जवळ आली की तिच्या गालावर चार रिबिटं उमटतात,
कुणाची तक्रार नसते.
नायिकेसाठी आलंय कोण?

बसायला टायर.
जुन्या जीपची सीट फक्त आरोलकरांना,
ते बँकेत कॅशियर, मणक्यात गॅप.
रज्जाकने पिस्टन कापून ॲशट्रे केलाय
आणि विडी मात्र तो बाहेर फेकतो.

पिक्चर परदेशी असो, मद्रासचा असो,
आठ भागांची मालिका असो,
पाठलाग सुरू झाला की बाबल बोटं मोडून मोजतो.
एका चढावर नायकाने अकरा वेळा गियर टाकला.
पेटी पाचाची.
“उरलेले सहा खंय ठेयल्यान मेल्यान?”

इनास डोळे मिटून बघतो.
मोतीबिंदू पिकलाय, कान नाही.
“गाडी सहा सिलिंडरची, आवाज चाराचो,”
आणि थोड्या वेळाने,
“वाळूत टायर किंचाळतत? आमच्या दर्यार कधी आयकलास?”

हसतो आम्ही खूप.
पण एखादा माणूस रात्री एकटाच गाडी चालवत असतो,
तोंडावर फक्त मीटरचा हिरवा उजेड,
संवाद नाही, कुणी मागे लागलेलं नाही,
तेव्हा रज्जाकची विडी तशीच विझते.
तो घाट मला ठाऊक आहे.
आंबोली, पावणेचार, धुकं,
दुसऱ्या गियरवर मी आणि मागे सहाशे किलो मासळी.
संगीत नाही. फॅनबेल्ट आहे.

बोटी वर ओढायच्या आधीच्या शनिवारी
एक जुना हिंदी पिक्चर लागतो.
चालला नव्हता तो कुठेच.
इनास तेव्हा वीस वर्षांचा.
युनिटवाल्यांनी त्याच्या बापाची टॅक्सी घेतली,
काळी-पिवळी फियाट, साडेसहा हजार रोख,
आणि निवतीच्या बाजूला कड्यावरून ढकलली.
चार सेकंद.
एकदा दगडाला लागते, एकदा वळते, मग समुद्र.

त्या चार सेकंदांसाठी मी बर्फावर आणखी दोन लाद्या टाकतो.

पत्र्यावर फियाट पडते आणि पडतापडता गर्जते,
पूर्ण ॲक्सिलरेटरवर, वाघासारखी.
तेवढ्यापुरते इनास डोळे उघडतो.
“खोटा.
आदल्या रातीक इंजिन मीच काढललंय.
पडलो तो नुसतो पत्रो.”
बापाला सांगितलं का, असं आरोलकरांनी एका वर्षी विचारलं.
इनासने टायरवरची धूळ झटकली.

ते इंजिन एकोणीस वर्षं आरवलीला
पोफळींना पाणी देत होतं.
आता बाकाखाली आहे, गोणपाटात.
रविवारी चर्चहून आला की इनास ते हाताने
दोन फेरे फिरवतो, जाम होऊ नये म्हणून.
कशासाठी, ते आम्ही विचारत नाही.

दोन वाजले की मला निघावंच लागतं.
बेळगावचा बाजार कुणाच्या क्लायमॅक्ससाठी थांबत नाही.
म्हणून शेवट आम्ही फारसे पाहिलेले नाहीत;
कोण जिंकलं ते बाबल मोबाईलवर शोधून
पुढच्या शनिवारी सांगतो, बहुतेक चुकीचं.

मी स्टार्टर मारतो, क्लच सोडतो,
आणि नायकाची लाल गाडी माझ्या अंगावरून घसरून
मागच्या माडांवर जाते,
एका खोडावर बॉनेट, दुसऱ्यावर दार,
मधे काळोख,
तरी धावतेच.

आरशात ते सगळे अजून टायरवर बसलेले.
आणि इनासचा आवाज, पिक्चरच्या वरून:
“तिसऱ्याचो नोझल बघून घे रे, बेळगावाक!”