मुदत : दिवसांत लिहा

नंदगडच्या वाचनालयात, रविवारी, सहा गावांचे आम्ही सहाजण
आणि धारवाडहून आलेला विरेश.
पडदा म्हणून धुतलेलं धोतर, त्यावर एकच यादी :
इथं शोधलं की तिथलं पुस्तक दिसणार.

पहिला रकाना सोपा वाटला. मुदत : दिवसांत लिहा.
येळ्ळूर पंधरा म्हणालं, निपाणी सात.
कणकुंबीच्या भागूबाई म्हणाल्या,
पुलावर पाणी असतंय तंवर आमी दिवस मोजत नाही की.
मग किती घालू?
घाल की तू. मलप्रभेला विचारून.
पंधरा झाले.

वाचक : संख्या.
निपाणीत एकजण मोठ्यानं वाचतो,
तीस बाया विड्या वळत ऐकतात,
पुस्तक परत येतं ते पानोपान तंबाखूची भुकटी घेऊन.
कार्ड कुणाच्या नावचं?
एकाच्या.
एक.

मग गावाचं नाव. बेळगाव, बेळगांव, बेळगावी.
आवाज चढले. चहा आला.
विरेशनं तिन्ही घातली, एकीतून दुसरीकडं वाट काढून दिली,
आणि बशीतला चहा फुंकत बसला.

पण भाषा : एकच निवडा, इथं तोही अडला.
हिशेबाचं जुनं पुस्तक, डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड,
दोन्हीकडं तेच तेल, तोच गूळ, तेवढंच व्याज,
उत्तरं शेवटी, दोघांची मिळून.
जागा एकच आहे, अव्वा, तो म्हणाला.
कुणीतरी नाणं काढलं. कुणीतरी ते परत खिशात घालायला लावलं.
रकाना तसाच रिकामा आहे.

दिवे लागले तशी सगळी बस गाठायला गेली.
मी शेवटचा रकाना भरत बसले. स्थिती : आत, बाहेर, हरवलं.
आमच्या रजिस्टरात चौथी होती, दुंडाप्पांच्या तिरक्या अक्षरात :
'मळ्यात आहे'.
विहिरी खोदण्यावरचं पुस्तक, अकरा वर्षं इराप्पा गुरवाच्या मळ्यात,
मोटारीच्या खोलीत, खिळ्याला पिशवी, पिशवीत पुस्तक.
ज्याला लागतं तो तिथं जातो, वाचतो, पाणी पिऊन येतो.
यंत्रानं परस्पर ठरवलं होतं : हरवलं.

मी ते पुसलं. बाहेर, असं केलं.
सोळाव्या दिवशी नाव तांबडं होतं,
म्हणून दर पंधराव्या दिवशी, कुलूप लावायच्या आधी,
मी ते पुस्तक पुन्हा देते. मळ्याला.