रात्रीच्या गाडीचा डबा

निर्गुणे, तू काल मध्यरात्री उतरलीस
आणि पहाटे थेट तोटीला पाइप जोडून मोकळी झालीस.
कुणी बोललं नाही. नवी आहेस.
उद्या बोलतील, आणि फुलनची जीभ तुला अजून माहीत नाही,
म्हणून फुगे फुगवता फुगवता सांगते.

कालिकेच्या जत्रेला आपल्याला हा मागचा प्लॉट मिळतो.
अकरा ट्रक, दोन टेम्पो,
आकाशपाळण्याचे सुटे पाळणे, ज्यांत पोरं झोपतात,
आणि एकच नळ.
साडेपाचला फुसफुसतो, सातला मरतो.

पाइपाचं टोक मातीत लोळू द्यायचं नाही.
लोळलंच, तर धुवायचं, पण आपल्या हंड्यातल्या पाण्यानं.
तोटीला तोंड लावायचं नाही. पोरानंही नाही.
तो शौकत बघ, उभ्या फळ्यांवर हात सोडून मोटरसायकल फिरवतो,
इथे मात्र ओंजळ करून वाकतो.
आधी प्यायचं, मग रांधायचं, ड्रम सगळ्यांत शेवटी.
धुणं जनरेटरच्या पलीकडे, उताराला.
रांगेत माणूस नसला तरी भांडं म्हणजे माणूसच.
बाळंतिणीचा हंडा पुढे जातो,
गेला म्हणून सुस्कारा टाकायचा नाही.
ऐकू येतो गं.

आता तो डबा.
गोडेतेलाचा, पंधरा किलोचा, एका बाजूनं चेपलेला,
काठाला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
तो कासाबाईचा. रिंगा फेकायचा खेळ होता तिचा,
साबणाच्या वड्या, प्लास्टिकचा ताजमहाल.
एकदा चैत्रात नांदुरीला ती रात्री दोनला पोचली,
गडाखाली सगळे झोपलेले, नळ कोरडा,
मांडीवर तापलेला नातू.
तिनं सात ट्रकांच्या ताडपत्र्या वाजवल्या.
पाणी मिळालं, पण सातव्या ताडपत्रीला.
तेव्हापासून प्रत्येक मुक्कामी
हा डबा रांगेत, आणि भरला की झाकून नळाशेजारी.
कुणाचा? उशिरा येणाऱ्याचा.
कोण येणार? ते ठरलेलं नाही.

कासाबाई मेली नाही, डोळे कशाला पुसतेस.
मुलानं सुरतेला खोली घेतली, आत नळ, चोवीस तास.
फोनवर म्हणते, पाणी एकटंच येतं, करमत नाही.
डबा आमच्या ट्रकात राहिला.

मागल्या वर्षी शनिवारी शहरभर पाणी बंद होतं.
आपला नळ कुठल्या जुन्या लाइनीवरचा,
त्याला बंद करायचं कुणीतरी विसरलं.
समोरच्या बिल्डिंगीतले पगार सर, तेच,
आपल्या धुराबद्दल अर्ज देणारे,
वीस लिटरचा जार घेऊन आले, नाइट पँटमध्ये,
आणि हसून थेट तोटीपाशी.
फुलन म्हणाली, सर, भांडं मागे.
ते मागे गेले. पुढचा डबा पाहून विचारलं, हा कुणाचा?
रात्रीच्या गाडीचा.
कुठली गाडी?
कुणालाच सांगता येईना.
मग तेही गप्प राहिले. रांग सरकली तसा त्यांनी
आधी डबा पुढे ठेवला, मग जार.
दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून परत ओरडले गच्चीतून.
ते चालायचंच.

काल उतरलीस तेव्हा घसा सुकला होता ना,
अंधारात कुणीतरी तांब्या पुढे केला,
तू नाव न विचारता प्यालीस.
ते पाणी त्यातलं.

सकाळी तुझ्या हंड्याच्या पुढे तोच डबा असेल.
सरकवायचा तू.
पायानं नाही हं.
हातानं.