दोन किलोचं माप

दोहाच्या विमानतळावर चार वर्षं
काचेमागे उभा राहून मी हेच केलं:
पाव, मांस, चीज, दाब, कागद, पुढचा.
रांगेतलं कोणी माझ्याकडे पाहत नसे,
हातांकडे पाहत.

इथे आर्वीच्या स्टँडवरून आणलेला पाव,
सुरी लागली की भुगा.
कालचं मटण रस्स्यातून निथळून घेतलं.
कोबी सकाळपासून लिंबू-मिठात घामेजतोय.
मोहरीच्या जागी जवसाची चटणी.
चीज लुकेशकडून उसनं,
त्याच्या फ्रीजात शेळ्यांच्या लसीशेजारचं.

दाबायला मात्र काही नाही.

बा उठला. बंद दुकानाची फळी सरकवली,
दोन किलोचं लोखंडी माप आणलं,
राखेनं घासलं, दोनदा धुतलं,
आणि तव्यातल्या पावावर पालथं असं ठेवलं
जसं गिऱ्हाईक समोर उभं आहे.

लोणी चरचरलं. चीज कडेनं उतरलं,
करपून जाळीदार झालं.
"काहून गा, भाजलेला पाव अजून भाजून राह्यला?"
सांगतो, म्हटलं. सांगता आलं नाही.

रस्सा वाटीत वेगळा दिला. बुडवून खायचं.
तो हसला, "मंग भाकरच कुस्करली असती लेका!"
पण बुडवलं.
ओघळ पार कोपरापर्यंत.

दुसऱ्या पावावर मापाचा ठसा उमटला होता,
उलटा: आधी किलो, मग दोन.
बा बोटानं तो वाचत बसला.
पाव हातात तोलला, पुन्हा ठेवला.
"बराबर हाये," म्हणाला,
"काटा नाही मारला तूनं."