काठी दिसेनाशी होते तिथे

नायोब्रारा नदीच्या दक्षिणेला,
वर्डेल क्रायचेकच्या एकशेबारा एकरांत
मी काठी रोवते.
काठी साधीच. दीड मीटर उंच,
एक पट्टा पांढरा, एक करडा, पुन्हा पांढरा.
चार मीटर मागे सरायचं,
गुडघे टेकून डोळा एक मीटरवर आणायचा
आणि गवताच्या वर दिसणारा
सगळ्यात खालचा पट्टा लिहायचा.
म्हणजे, किती झाकलं गेलं त्याचं माप.
सरकारी मापांतलं
हे एकच मला मनापासून पटलेलं.

बाकीचा फॉर्म दिल्या-घेतल्याचा आहे.
एकर किती, भाडं किती,
बी किती पौंड पेरलं, कुंपण किती फूट.
'निष्पन्न काय' हा रकाना
अर्ध्या बोटाएवढा.
लिंकनच्या ऑफिसातली ओडेसा टिमरमन
दर वसंतात बजावते,
"ट्रुडी, दिलं ते वेगळं, झालं ते वेगळं.
बी पेरलं हे मला सांगू नकोस,
ते मला पावतीवर दिसतं."

झालं ते.

खालच्या अंगाला जी घळ होती,
जिच्यात वर्डेलच्या बापाचा ट्रॅक्टर
दोन दिवस नाक खुपसून पडला होता,
तिथून आता मी चालत जाते,
बूट न भिजवता.
कॉम्प्युटर म्हणतो, एकरी साडेचार टन माती वाचली, दर वर्षी.
वर्डेल म्हणतो, "वाचली तर दाखव."
कशी दाखवू?
जे वाहून गेलं नाही
ते जागच्या जागीच असतं,
त्याची रास होत नाही.

मग तोच, जरा वेळाने, कुंपणाकडे हनुवटी करून,
"पूर्वी फेब्रुवारीत इथे बर्फ काळा साचायचा.
वाऱ्याबरोबर अर्धं शेत त्यात.
आई दोरीवरच्या चादरी परत धुवायची
आणि वाऱ्याला चेक भाषेत शिव्या द्यायची.
यंदा पांढरा होता. सगळा हिवाळा."
मी फॉर्म उलटसुलट केला.
बर्फाचा रंग कुठेच विचारलेला नाही.

आणि पक्षी. अकरा बोबोलिंक मोजले सकाळी,
नर पोटाशी काळे, पाठीवर पांढरे,
सदरा उलटा घातल्यासारखे.
अकरा म्हणजे बरे की वाईट?
दहा वर्षांपूर्वी, करार झाला त्या जूनमध्ये,
कोणी पक्षी मोजलेच नाहीत.
फाइलीत एक चुरगळलेला कागद आहे,
माझ्याआधीच्या माणसाचं किरटं अक्षर:
"पट्टा शून्य. काठी पूर्ण दिसते. वारा फार."
बस.
सुरुवात लिहिली नाही
की शेवटाला टेकायला भिंत नसते.
हे मी दर मीटिंगला बोलते.
सगळे माना डोलावतात, कॉफी ओततात.

करार तीस सप्टेंबरला संपतो.
ओमाहाहून मुलीचा फोन येतो, मक्याचे भाव सांगते.
ती काही वाईट नाही, तिची पोरं आहेत, तिचं घर आहे.
वर्डेल ऐंशी एकर नांगरणार,
बत्तीस ठेवणार, घळीच्या बाजूचे.
"बत्तिसात मावतील ना गं ते?" तो विचारतो.
पक्ष्यांबद्दल.
मला माहीत नाही.
माझ्याकडे 'माहीत नाही' हाही रकाना नाही.

शेवटच्या ठिकाणी तो म्हणाला, मी बघतो एकदा.
गुडघा दुखरा, तरी बसला खाली, टोपी मागे सारून.
बराच वेळ बघत राहिला.
"काठी कुठाय?"
मी म्हटलं, समोरच.
"मला नुसतं गवत दिसतंय," म्हणाला,
आणि हसला, तेव्हा लक्षात आलं,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय.

नियमाप्रमाणे ही निरीक्षकाची चूक.
मी त्याच्याशेजारी बसून स्वतः पाहिलं,
रकान्यात सात लिहिलं,
पेन कानाला खोचलं
आणि त्याला उठवायला हात दिला.