वजावट

गोशेनला एप्रिलात शेतं अजून काळीच असतात.
ऑर्फाने पायची थाळी बाजूला सारली
आणि माझ्या सासऱ्यांनी, मेनो यूट्झींनी,
चष्मा पुसून सरकारचं अंदाजपत्रक उघडलं.

एकतीस वर्षं हा माणूस
आपल्या करातून लढाईचा वाटा वजा करतो,
तेवढ्याच रकमेचा चेक एका दवाखान्याला पाठवतो,
आणि करखात्याला पत्र, सुवाच्य अक्षरात:
आम्ही मारत नाही, मारायचे पैसेही देत नाही.
खातं दंडासकट वसूल करतं.
पुढच्या एप्रिलात हे पुन्हा लिहितात.

पाणबुड्या झाल्या. दारूगोळा झाला.
जुन्या युद्धांचं व्याज झालं.
मग पेन्सिल अडली:
राष्ट्राध्यक्षाचा पगार.

"हा कुठे धरायचा? सेनापतीच ना तो?
त्याच्या शब्दावर विमानं उडतात."
"शाळांच्या कागदांवरही सही करतो," ऑर्फा म्हणाली.
"पूर आला की चिखलात जाऊन उभा राहतो.
त्या दिवसाचे तरी दे बिचाऱ्याला."
"मग अर्धा?"
"आणि झोपलेला असतो तेव्हा?"
"झोपेतही ती पेटी जवळच असते, ऑर्फा."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
या घरात फौजेचा पगार घेतलेला मी एकटा.

मी म्हटलं, त्याला हुद्दा नाही.
गणवेशाचा भत्ता नाही, केस कापायची सक्ती नाही.
जोखमीचे जादा पैसे नाहीत, मला मिळायचे तसे,
ज्यातून तुमच्या लेकीची अंगठी आली.
काम सोडून गेला तर
त्याला पळपुटा म्हणून कुणी बेड्या घालत नाही.
पगार साध्या माणसाचाच आहे.
हुकूम तेवढा आमच्यापर्यंत यायचा.

मेनो बराच वेळ गप्प.
मग गणित मांडलं: माणशी पाव सेंट. त्याचा अर्धा.
असं नाणं कुठल्या टाकसाळीत पडत नाही,
फुटकी कवडीही त्याहून जड भरेल.
त्यांनी ते लिहिलं, दशांशचिन्हाजवळची शून्यं मोजून,
आणि वजा केलं.

मागे कपाटात जुन्या वह्या उभ्या होत्या,
मी तिकडे होतो त्या चार वर्षांच्याही.
माझ्या पगाराची ओळ कुठे धरली होती,
मी विचारलं नाही.

ऑर्फाने माझ्या बशीत पायचा आणखी एक तुकडा ठेवला.
"त्या वर्षांत," ती थाळीकडे बघत म्हणाली,
"यांना खोडरबर फार लागलं."