पास

हॉलच्या दाराला पाटी होती:
‘प्रवेश झाकण दाखवूनच. वाद घालू नये.’
माझ्याकडे झाकण नव्हतं.
खळदकर धावत आले, अहो, यांना सोडा, या कारखान्यातल्या!
मग सगळे उठून उभे राहिले,
मला कळेना कुठे बघावं.

टेबलावर इस्त्रीची चादर, तिच्यावर रिकाम्या बाटल्या,
एक लाकडी क्रेट, पत्र्याची जुनी जाहिरात:
‘मरकत. बडीशेप-आवळा. थंडच प्या.’
बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ सांगत होते,
पर्वती उतरलं की एक मरकत, अर्धी मला अर्धी भावाला,
आणि घरी तोंड मिटून जायचं, कारण जीभ हिरवी.
भाऊ आता कॅनडात. त्यानं सतरा वेळा करून पाहिलं.
शेवटचा तो तुरट काटा
काही केल्या घशात येत नाही.
कोंढव्याची रुबिना तर प्यायलीच नव्हती,
बंद झालं तेव्हा जन्मायची होती.
तिनं वडिलांच्या गाडीवरचा ओपनर आणला होता,
दोरीसकट.

खळदकर म्हणाले, बाई, आता तरी सांगा,
त्यात होतं काय?

मी काय सांगणार.
अकरा वर्षं गुलटेकडीत ट्यूबलाइटसमोर स्टुलावर बसले.
मिनिटाला साठ बाटल्या,
हिरवी, हिरवी, हिरवी,
आणि मी त्यांत मुंगी शोधायची.
केस, काचेचा कण,
काडेपेटीची काडी, एकदा अख्खी गोम.
डोक्याआधी हात जायचा.
घरी पाण्याचा तांब्या भरला तरी उजेडात धरायचे,
नवरा विचारायचा, पास का?
दसऱ्याला एक बाटली फुकट मिळे, ती पोरं प्यायची.
मी एकदा घोट घेतला होता.
खोकल्याचं औषध वाटलं.
हे तिथं बोलायचं नसतं,
एवढं पुण्यात राहून कळतं.

मग चारशे सतराचा विषय निघाला.
शेवटची बॅच. सगळ्यांत जमलेली, म्हणे.
कुणी डोळे मिटले.

त्या दिवशी गेटवर नोटीस लागली होती.
सिरप उरलेलं, म्हणून पट्टा चालू.
शेजारच्या स्टुलावर सुभद्रा बोटं मोजत होती,
फंडाचे इतके, भिशीचे इतके, पुन्हा पहिल्यापासून.
मी समोर बघत होते आणि बघत नव्हते.
साडेतीन तास
माझा हात मांडीवरून उचलला नाही.
रजिस्टरला लिहिलं: खराब, शून्य.

शेवटी त्यांनी ती काढली,
कापसात गुंडाळलेली, झाकण गंजलं तरी घट्ट.
फोडायची नव्हती,
प्रत्येकानं नुसती हातात घ्यायची.
माझ्याकडे आली तशी
मी उलटी केली, सरळ केली, वर ट्यूबकडे धरली.
सवय.
रंग चहासारखा झाला होता.
तळातून काहीतरी सावकाश उठलं,
बारीक, पाय असल्यासारखं,
एक गिरकी घेऊन परत बसलं.

हॉल गप्प.
काय हो बाई? खळदकर म्हणाले.
रुबिनानं ओपनर मुठीत आवळला होता.

पास, मी म्हटलं,
आणि बाटली पुढच्या हातात दिली.